पूल कुणाच्या नेमावर उभा आहे?

माझ्या कल्पित जगातला पहिला पूल बाबांनी पाडला. एका प्रश्नाने.

तो पूल माझा फार लाडका होता. दोन उंच कडे, मधे खोल नदी आणि वर नुसता उजेडाचा एक पट्टा. जलविद्या जाणणाऱ्या एका बाईने तीनशे वर्षांपूर्वी तो एका रात्रीत उभा केलेला. मी त्याच्यावर चार पानं लिहिली होती. बाबांनी ती शांतपणे वाचली, वही मिटली आणि विचारलं, "बांधला कसा ते कळलं. पण अगं, तीनशे वर्षं त्याची देखभाल कोण करतंय?"

बाबांची सगळी नोकरी पुलांवर गेली. बांधण्यात थोडी, तपासण्यात जास्त. पूल म्हटला की मला कमान दिसते. त्यांना बेअरिंग दिसतात, सांधे दिसतात, खांबाच्या पायथ्याशी पाणी कसं वळतंय ते दिसतं. मी म्हटलं, "बाबा, जादूचा पूल आहे तो."

"असू दे की जादूचा. भार तर पडतोच ना त्याच्यावर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी वही पहिल्यापासून वाचली आणि लक्षात आलं, की उत्तर एकाही पानावर नाही.

तोवर त्या जगाला आठ वर्षं झाली होती. पंचमहाभूतांच्या पाच विद्या, प्रत्येकीच्या सात पायऱ्या, म्हणजे पस्तीस चौकोन. प्रत्येक चौकोनात काय करता येतं ते सुबक अक्षरात लिहिलेलं. कुठल्या पायरीला वारा अडवता येतो, कुठल्या पायरीला जखम भरता येते. ते रकाने भरताना मला अतोनात आनंद व्हायचा आणि तो खोटा नव्हता. पण एकाही चौकोनात ते करताना काय जातं, हे लिहिलेलं नव्हतं. जखम भरणारे तीन वैद्य ज्या गावात राहतात, त्याच गावात तिसऱ्या प्रकरणात एक मूल तापाने मरतं, आणि मी ते मारलं होतं नायिकेला दुःख हवं म्हणून. पाण्यावर हुकमत चालते त्या नदीकाठी नावाडी उपाशी कसे राहिले नाहीत, हेही मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या जगात जादू होती, पण तिची झळ कुणाला लागत नव्हती.

मग काही महिने मी नुसतं वाचलं. त्यात एक गोष्ट अशी भेटली, की तिने माझा विचारच फिरवला. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिला. १९२५ साली छापलेल्या निबंधात त्याने तिथल्या मासेमारीचं एक निरीक्षण नोंदवलं आहे. बेटालगतच्या शांत, उथळ पाण्यात लोक विष कालवून मासे धरायचे. धोका नाही, मासळी हमखास. तिथे मंत्रतंत्र काही नव्हतं. खुल्या समुद्रात मात्र जीव जाण्याची भीती आणि हाती काय लागेल त्याचा भरवसा नाही. तिथे जायचं तर आधी लांबलचक विधी. तीच बेटं, तोच समुद्र. हाताला जे पुरतं तिथे हात, आणि हात संपतो तिथे मंत्र.

मी ते वाचलं आणि पंचमहाभूतांचा तक्ता बाजूला ठेवला. माझ्या लोकांचा हात कुठे संपतो, एवढंच शोधायचं ठरवलं. फार शोधावं लागलं नाही. ते नदीकाठी राहतात आणि नदीला पूर येतो.

*

अद्भुताचे नियम कसे असावेत यावर अलीकडे पुष्कळ लिहिलं जातं. जादूचे नियम वाचकाला जेवढे उमगलेले असतील, तेवढीच त्या जादूने सुटलेली अडचण त्याला पटते, हा त्यातला सर्वांत पक्का सल्ला. मला तो मान्य आहे. पण नियम ही काही आजच्या लेखकांची युक्ती नाही. महाभारत उघडावं. कर्णाला इंद्राकडून अमोघ शक्ती मिळते, ती एकदाच वापरता येणारी. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवलेली असते. मग चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कच सगळं सैन्य उधळून लावतो, कौरव कर्णाला टाहो फोडून विनवतात आणि ती शक्ती घटोत्कचावर खर्च होते. त्या क्षणी कर्णाचं मरण ठरतं, आणि ते ठरतं एका आकड्याने. शक्ती दोनदा वापरता आली असती तर ती कथाच उरली नसती.

कचाची गोष्ट तर मी इतक्यांदा वाचली आहे, की तिच्याकडे आता घड्याळाचं मागचं झाकण उघडून बघावं तशी बघते. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या फक्त असुरांचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे. ती शिकायला देवांकडून कच त्यांचा शिष्य होऊन येतो. असुर कचाला जाळून त्याची राख मद्यात मिसळतात आणि ते मद्य गुरूलाच पाजतात. आता कच गुरूच्या पोटात. त्याला बाहेर काढायचं तर गुरूचं पोट फाटणार. म्हणून शुक्राचार्य पोटातल्या कचालाच विद्या देतात. तो पोट फाडून बाहेर येतो आणि मेलेल्या गुरूला उठवतो. पुढे गुरूची लेक देवयानी हिला तो नकार देतो तेव्हा ती शाप देते, की ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणतो, मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. शाप खोटा झाला नाही आणि विद्याही वाया गेली नाही. शापाच्या शब्दांमधे जेवढी फट होती, तेवढ्यातूनच कच निघाला.

ही फट मला मोहवते. आपल्याकडे तिला स्वतंत्र शब्द आहे, उःशाप. शाप मागे घेता येत नाही. देणाऱ्यालाही नाही. त्याला पश्चात्ताप झाला, तरी तो फार तर शापाला एक दार ठेवू शकतो. म्हणजे या कथांमधे सर्वांत बलवान गोष्ट ऋषी नाही, देव नाही, उच्चारलेला शब्द आहे. तो तोंडातून गेला की देणाराही त्याचा बांधील.

आणि हे आपल्यापुरतं नाही. ग्रीक कवी हेसिअडने सांगितलं आहे, की देवांनाही स्टिक्स नदीच्या पाण्याची शपथ मोडता येत नाही. जो मोडेल तो देव वर्षभर श्वासाविना, वाचेविना पडून राहतो आणि नंतर नऊ वर्षं देवांच्या सभेत आणि पंगतीत त्याला जागा नसते. मला यातले आकडे आवडतात. एक अधिक नऊ. कुणीतरी बसून हा हिशेब केला असेल, आणि ज्याने केला त्याला ठाऊक असेल, की न मरणाऱ्याला शिक्षा करायची तर ती काळातच मोजावी लागते.

मिलिंदपञ्ह या पाली बौद्ध ग्रंथात याहून धाडसी गोष्ट आहे. पाटलीपुत्रात राजा अशोक विचारतो, ही गंगा उलटी वाहवू शकेल असं कुणी आहे का? बिंदुमती नावाची एक गणिका पुढे येते, एक सत्यवचन उच्चारते आणि गंगा खरंच माघारी वळते. राजा चकित होतो. तुझ्यासारखीकडे कसलं सत्य? ती सांगते, की जो मला मोल देतो, तो क्षत्रिय असो, ब्राह्मण असो, वैश्य असो वा शूद्र, कुणाला वर मानत नाही, कुणाला खाली नाही, सगळ्यांची सारखीच सेवा करते. नदी वळली ती या सारखेपणावर. तिचं सामर्थ्य वंशातून आलेलं नाही, तपातून नाही, ग्रंथातून नाही. तिने एक गोष्ट धरली आणि ती कधी सोडली नाही, एवढंच.

हे वाचून मी बाबांकडे गेले. म्हटलं, देखभाल कोण करतं ते कळलं.

*

माझ्या जगातला पूल आता माणसाच्या नेमावर उभा असतो.

मराठीतला हा शब्द माझ्या हाती होताच, मीच त्याला कधी उलटून पाहिलं नव्हतं. नेम म्हणजे रोज न चुकता पाळायची गोष्ट. नेम म्हणजे बाणाचा रोख. आणि "पावसाचा काही नेम नाही" म्हणतो तेव्हा नेम म्हणजे भरवसा. एकाच शब्दात तिन्ही. ज्या नदीचा काही नेम नाही, तिच्यावर पूल उभा राहावा म्हणून कुणीतरी नेम धरतं. जादूची सगळी रचना त्या एका वाक्यात आली. रकाने भरावे लागले नाहीत.

रीत अशी. पाया भरताना एक माणूस चारचौघांसमोर, मोठ्याने, आपल्या आवडीची एक गोष्ट कायमची सोडतो. तो ती पाळतो तोवर पूल उभा. सोडलेली गोष्ट जेवढी जिव्हाळ्याची, तेवढा पुलाला भार पेलतो. ज्याला गोड आवडतच नाही त्याने गोड सोडलं, तर त्यावर ओढ्यावरची फळीसुद्धा टिकणार नाही. मरण्यापूर्वी नेम दुसऱ्याच्या हवाली करावा लागतो, आणि घेणाऱ्याने तो आपखुशीने घ्यावा लागतो.

या माणसांना आधी मी "व्रतधारी" म्हणत होते. तो शब्द लिहिला की समोर भरजरी पोशाखातली, सावकाश बोलणारी माणसं उभी राहायची. एक दिवस हातून "नेमकरी" लिहिलं गेलं आणि माणसं चालायला लागली. त्यांच्या पायांना माती लागली. कल्पित जगात नावं ठेवताना आपण उगाच भारदस्त होतो. जो शब्द म्हातारी हाक मारताना वापरेल, तोच त्या जगाचा खरा शब्द.

एका प्रश्नावर मात्र मी महिनोन्महिने अडकले. नेम नकळत मोडला तर? मीठ सोडलेल्या माणसाला कुणी न सांगता मीठ घातलेलं खाऊ घातलं तर पूल पडेल का? मन म्हणायचं, पडू नये, हेतू पाहावा. पण जुन्या कथा हेतू पाहत नाहीत. कर्णाच्या हातून ब्राह्मणाची गाय चुकून मेली होती, तरी रथाचं चाक रुतलंच. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "भार हेतू विचारत नाही." तसंच ठरवलं. नकळत मोडला तरी पूल पडतो.

ते ठरलं आणि एका रात्रीत जग माणसांनी भरून गेलं. कारण आता नेम एकट्याचा राहिला नाही, सबंध गावाला तो जपावा लागतो. एका बाईने आपलं नाव ऐकणं सोडलंय. त्या गावात तिला नावच नाही, आणि त्या नावाची दुसरी मुलगी तीन पिढ्यांत जन्मलेली नाही. एकाने गाणं सोडलंय, म्हणून तो वाटेने जाताना लोक पाळणा म्हणता म्हणता थांबतात. एकीचा नेम आहे स्वतःचाच पूल न ओलांडण्याचा. तिची लेक पलीकडच्या तीरावर नांदते. लेक पुलावरून येते, आईला भेटते, परत जाते. आईने लेकीचं घर कधी पाहिलेलं नाही. ती लेकीला विचारते, दार कुठल्या दिशेला आहे, चूल कुठे आहे, आणि ऐकून ऐकून तिने मातीत एका काडीने ते घर इतक्यांदा काढलंय, की डोळे मिटूनही तिला त्यात वावरता येईल. हे पान लिहिताना मला कळलं, की आठ वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते हेच होतं.

मग दुसरी बाजूही आपसूक आली. जे सोडतं तेच धरतं, असं असेल तर श्रीमंत शहरं स्वतः काही का सोडतील? ती नेम विकत घेतात. डोंगरातल्या गरीब घरातला एक मुलगा दूरच्या शहराच्या पुलासाठी काहीतरी सोडतो. तो पूल त्याने पाहिलेलाही नसतो. त्या पुलावरून रोज हजारो जण जातात. कुणाला ठाऊक नसतं, की आपल्या पायाखाली कुणाचं गाणं आहे.

पुढे आयरिश कथांमधला "गेस" भेटला, वीरांवर घातलेलं बंधन. कुहुलिन या वीराने कुत्र्याचं मांस खायचं नाही, आणि कुणाच्या चुलीवरून काही न खाता पुढे जायचं नाही. शेवटच्या लढाईला जाताना वाटेत तीन म्हाताऱ्या कुत्र्याचं मांस शिजवत बसलेल्या असतात. कुठलाही नेम पाळला तरी दुसरा मोडतो. माझी कल्पना माझ्याआधी किती जुनी होती, हे पाहून मला वाईट वाटलं नाही, उलट धीर आला. दोन नेम एका माणसात अडकवायचे, हे मात्र मी तिथूनच शिकले.

*

पुराणकथांशी माझं भांडण वेगळं होतं. मी देवांची वंशावळ काढली होती. कोण कुणाचा मुलगा, कुणी आधी काय घडवलं, सगळं चोख. वाचताना ती शिलालेखासारखी गार लागायची. खऱ्या जगात असं कुठेच नाही. प्राचीन इजिप्तमधे हेलिओपोलिसचे लोक सृष्टीचं श्रेय अतुमला द्यायचे, मेम्फिसचे प्ताहला, आणि हर्मोपोलिसमधे आरंभी आठ देवता होत्या. तिन्ही कथा शतकानुशतकं शेजारी शेजारी नांदल्या. कथा गावाची असते, आणि प्रत्येक गावाला काहीतरी वेगळं समजावून घ्यायचं असतं.

पण कथा मुळात जमते कुठून? हेही मला बाबांनीच दाखवलं, त्यांना कल्पना नसताना. पूल पुरात का पडतात असं मी विचारलं होतं. मला वाटायचं पाण्याच्या धक्क्याने.

"धक्क्याने कमी. पाणी पायाखालची माती खरवडून नेतं, त्याने," ते म्हणाले. "पूर ऐन भरात असतो तेव्हा खांबाशी खड्डा पडतो. पूर ओसरायला लागला की वेग कमी होतो, गाळ खाली बसतो, तो खड्डा भरून येतो. आपण नंतर जाऊन बघतो, तर तळ जागच्या जागी. सगळं ठीक दिसतं. पण त्या गाळाला ताकद नसते."

"मग कळतं कसं?"

"सळई खुपसून बघायची. घट्ट मातीत अडते. गाळात सहज जाते."

त्या रात्री मला झोप आली नाही. कथा म्हणजे तो गाळ. जिथे काहीतरी वाहून गेलं, तिथेच ती येऊन बसते, खड्डा भरते आणि वरून तळ सपाट दिसतो.

माझ्या जगातल्या मोठ्या नदीच्या कथा मी त्यावरून पुन्हा रचल्या. वरच्या अंगाचे लोक सांगतात, की नदीने कधीही माघारी न वळण्याचा नेम धरला, म्हणून ती समुद्राकडे जाते. खालच्या शहरांत सांगतात, की फार पूर्वी नदीदेवीचा अपमान झाला, ती कोपली आणि एका रात्रीत सात गावं गेली. म्हणून दरवर्षी तिची क्षमा मागायची. नावाडी या दोन्हींवर बोलत नाहीत. त्यांच्याकडे फक्त एक अंगाई आहे, तिच्यात एक मूल भाकर मागतं आणि आई "नको" म्हणते. अंगाईचा अर्थ कुणालाच लागत नाही.

खरं काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण मी सळई घालून पाहिलं. वरच्या धरणाचा नेम शहरांनी एका डोंगरातल्या घराकडून विकत घेतला होता. त्यांनी भाकर सोडली होती. मोबदल्यात शहरांनी त्यांना दुसरं धान्य पुरवायचं, असा करार होता. एका वर्षी धान्य गेलं नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. घरातलं सर्वांत धाकटं, ज्याच्या नावावर नुकताच नेम आला होता, त्याने भुकेपोटी शेजारच्या घरातून भाकरीचा तुकडा उचलून खाल्ला. देवी कोपल्याची कथा शहरांनी रचली. लबाडीने रचली असंही नाही. अशा गोष्टीवर लोकांना रोज जेवण गेलं नसतं, म्हणून गाळ बसला.

यात आणखी एक पीळ आहे. ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड याने १९३७ साली आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवर लिहिलं. तिथे धान्याचं कोठार कोसळून सावलीला बसलेली माणसं दगावली, तर वाळवीने खांब खाल्ले होते हे अझांदेंना नेमकं ठाऊक असतं. तरी ते चेटकाचं कारण सांगतात. खांब का पडला याचं उत्तर वाळवी आहे. पण नेमका त्याच वेळी, नेमकी तीच माणसं खाली असताना का पडला? त्याचं उत्तर वाळवी देत नाही. माझ्या जगातही पुलाचं लाकूड कुजतं. पूल पडला की सुतार कुजलेली तुळई दाखवतो आणि गाव नेमकऱ्याच्या दाराशी जमतं. दोघांत कोण खरं, हे मी कादंबरीत कुठेच सांगणार नाही. मला ते माहीत आहे असं म्हणण्याचा मोह फार वेळा झाला, पण त्या जगातल्या माणसांना जे कधीच कळणार नाही, ते वाचकाच्या कानात सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

नायिका आता बदलली आहे. तिच्याकडे कुठलीही विद्या नाही. ती सळई घेऊन पात्रात उतरते आणि लोकांच्या कथांमधे कुठे सहज आत जाता येतं ते पाहते. नावाड्यांची अंगाई तिनेच ऐकली.

*

बाबांना मी सगळं हस्तलिखित वाचायला दिलं. आता त्यांना जास्त वेळ वाचवत नाही. रोज चार-पाच पानं, हातात पेन्सिल. महिन्याभराने वही परत आली. समासात त्यांच्या बारीक अक्षरात नोंदी होत्या, तपासणीच्या नोंदवहीत असायच्या तशाच: पान क्रमांक, बाब, शेरा. एका पुलाचा गाळा फार लांब धरला आहे. एका ठिकाणी पाणी उताराविरुद्ध वाहतं. लेकीचं घर मातीत काढणाऱ्या आईच्या पानावर शेरा नव्हता, नुसती एक उभी रेघ होती.

शेवटच्या पानाच्या खाली एकच नोंद होती. "नेमकरी आजारी पडला, किंवा थकला, तर दुरुस्ती होईपर्यंत भार कुणावर? पर्यायी रस्ता दाखवलेला नाही."

मी पुन्हा पहिल्या पानावर आले आहे. सध्या एक माणूस लिहिते आहे, ज्याने स्वतःचा असा नेम कधीच धरलेला नाही. तो गावोगाव फिरतो, थकलेल्या नेमकऱ्याच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, "आजची रात्र मी धरू?"

म्हातारी त्याच्याकडे बराच वेळ बघते. मग उठून त्याला आपला पाट देते आणि साठ वर्षांत पहिल्यांदा पुलाकडे चालू लागते.